वारा, सरी आणि उभा ऊस



‘वाऱ्याने ऊस पाडला’ असे आपण म्हणतो. पण बांधाला बांध लागून असलेल्या दोन फडांपैकी एक आडवा होतो आणि दुसरा उभा राहतो. वारा तर दोघांनाही तोच! मग फरक कोठे पडतो, हे समजून घेऊ.

मोकळ्या रानात वारा जमिनीलगत मंद व वर जोरात असतो. उसाचा फड दाट झाला की वारा आत न शिरता शेंड्यांवरून वाहतो. वर वेगवान हवा व आत जवळजवळ थांबलेली हवा, अशा दोन थरांच्या घासणीतून भोवरे तयार होतात. ते लोळत पुढे जातात आणि मधूनमधून फडात खाली घुसतात. शेंड्यांवरून लाटा पळताना दिसतात, त्या याच. ऊस पडतो तो बहुधा सततच्या वाऱ्याने नव्हे, तर या झटक्यांनी.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब साधारण चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. पाने वाऱ्याबरोबर वळतात म्हणून उसाला तो थोडा कमी बसतो, पण हिशेब असाच चढता. शिवाय धक्का शेंड्याला आणि आधार बुडख्याला. पहार जितकी लांब तितका दगड सहज उचकटतो, तसेच उंच उसाचे. त्यात पावसाने जमीन लोण्यासारखी झाली की मुळांची पकड सुटते. आडसाली ऊस ऐन पावसाळ्यात उंच झालेला असतो, म्हणून धोका त्याला जास्त. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातील वादळी पट्टा तेलंगणावरून सोलापूर-सांगलीकडे आला, तेव्हा पाऊस व वारा एकदम आल्याने उभे फड झोपले.

आता सरीचे पाहू. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येचा. सरी त्याच दिशेला असेल तर वारा सरीतून बोळासारखा आत जातो, पण ओळीतला ऊस ओळीतल्या उसाला टेकतो. सरी आडवी असेल तर वारा वरून सरकतो, पण कलणारा ऊस मोकळ्या सरीत जातो. रुंद सरीत पलीकडची ओळ लवकर हाताला येत नाही, तेथे वरंब्याची भर हाच आधार. म्हणून वाऱ्यासाठी सरीची दिशा बदलू नका. ती जमिनीचा उतार व पाणी पाहूनच ठरवा. रुंद सरी घेतली, तर भर मात्र चांगली लावा.

पडलेल्या उसाचे नुकसान आपणास ठाऊक आहे. कांड्यांना मुळ्या व पांगशा फुटतात, उंदीर लागतात, साखर घटते. तोडणीला वेळ लागतो, टोळी नाखूश होते आणि खुशालीची मागणी वाढते ती वेगळीच.

यासाठी आमचे सांगणे असे:

१) मोठी बांधणी वेळेवर करा. बुडख्याला दोन्ही बाजूंनी माती घट्ट बसली पाहिजे.

२) नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीलाच संपवा. उशिरा दिलेल्या युरियाने ऊस कोवळा व शेंड्याला जड होतो. पालाश टाळू नका.

३) वादळी पावसाचा अंदाज असेल तर पाणी देऊ नका. साचणाऱ्या पाण्याला चर काढून वाट द्या.

४) पश्चिमेकडच्या कडेच्या चार-सहा ओळी वाऱ्याचा पहिला मार खातात. त्या पडल्या की आतल्या उघड्या पडतात. तेथील ऊस वाळलेल्या पाचटाने जुडीजुडीने एकमेकांना बांधा. हिरवी पाने बांधू नका.

५) पश्चिम बांधावर बांबू किंवा सिल्व्हर ओकची ओळ लावा. आडोसा झाडाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत मिळतो. मात्र भिंतीसारखा गच्च नको. गच्च आडोशावरून वारा उसळून मागे जोरात उतरतो. निम्मा वारा गाळून सोडणारी झाडे उत्तम. सावली व मुळ्या शेजारच्या रानातही जातात, तेव्हा शेजाऱ्याशी आधी बोलून घ्या.

वारा आपल्या हाती नाही. बुडख्याची माती मात्र आपल्याच हाती आहे. बांधणीपूर्वी गटाच्या शेतकी कर्मचाऱ्यास प्लॉट दाखवावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी