सीताफळाचा हंगाम सुरू : डोळा उघडल्याशिवाय कात्री लावू नका

सासवड (प्रतिनिधी) : पुरंदर तालुक्यात उन्हाळी बहराच्या सीताफळांची तोडणी सुरू झाली आहे. आपल्याकडच्या बहुतेक बागा एक-दोन एकरांच्या आणि घरच्या माणसांवर चालणाऱ्या. म्हातारी माणसं निवड करतात, पोरं क्रेट उचलतात, तोडणी बायकांच्या हाताला. वर्षभराच्या उसनवारीचा हिशोब याच पैशावर असतो. म्हणून पहिल्या तोडणीला घाई होते आणि तिथंच नुकसान होतं.

कच्चं फळ का तोडू नये?
सुरुवातीला माल कमी, त्यामुळे भाव बरा असतो. तो गाठायला काही जण आकार बघून फळ उतरवतात. पण अपक्व तोडलेलं सीताफळ नीट पिकत नाही. ते काळं पडतं, आतून कडक राहतं, गोडी येत नाही. एका पाटीत अशी पाच-सहा फळं निघाली की व्यापारी सगळ्या मालाचा भाव पाडतो. पुढच्या खेपेलाही तो आपला माल संशयानंच बघतो.

तयार फळ कसं ओळखायचं?
फळावरचे खवले म्हणजे डोळे. फळ तयार झालं की डोळे फुगून एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या फटी पिवळसर-पांढऱ्या दिसतात. गर्द हिरवा रंग फिका होतो. असं फळ तोडल्यावर साधारण तीन-चार दिवसांत पिकतं. एका झाडावरची सगळी फळं एकदम येत नाहीत, म्हणून दोन-तीन दिवसांनी फेरी मारावी लागते.

पण जास्त थांबूनही चालत नाही
तयार फळ झाडावर असताना जोराचा पाऊस झाला तर ते उकलतं. उकललेलं फळ बाजारात चालत नाही. त्यामुळे आभाळ भरून आलं तर डोळा उघडलेली फळं आधी उतरवा, बाकीच्यांना हात लावू नका.

तोडणी आणि निवड
फळ ओढू नका, थोडा देठ ठेवून कात्रीनं कापा. सकाळी तोडा, सावलीत ठेवा. क्रेटमध्ये खाली पाला किंवा कागद घाला. मोठा, मध्यम आणि बारीक माल वेगळा भरा. वर मोठी आणि खाली बारीक फळं भरण्याची चलाखी एकदाच चालते. पिठ्या ढेकणाची पांढरी बुरशीसारखी पावडर असलेली फळं बाजूला काढा. एका बाजूला दबलेलं वेडंवाकडं फळ रोगाचं नसतं. फुलात परागीभवन अर्धवट झालं की तसं होतं. खायला ते चांगलंच असतं, पण वेगळं विका. विकलं नाही म्हणून माल फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीनं साल काळी पडते.

पट्टी वाचून घ्या
पैसे घेताना वजन, भाव आणि कपात नीट बघा. राज्यात २०१६ पासून फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून नाही, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. पट्टीत ती कापलेली दिसली तर तिथल्या तिथं विचारा. हमाली, तोलाई कशाची किती लावली तेही विचारा. प्रत्येक पट्टीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. हंगाम संपल्यावर घरात हिशोबाला बसाल तेव्हा तोच कामाला येतो.