पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गळतंय? रॅक बदलण्याआधी गळती नेमकी कुठून आहे ते शोधा

रात्री गाडी पार्क केली आणि सकाळी पुढच्या बाजूला खाली लालसर तेलाचा डाग दिसला. दोन-चार दिवसांनी स्टिअरिंग वळवताना 'घुंईंई' असा आवाज यायला लागला. गॅरेजमध्ये नेली तर उत्तर मिळालं, "रॅक गेलाय, बदलावा लागेल." नवीन रॅकचा खर्च ऐकून जुनी गाडी विकावी का, असाच विचार मनात येतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे एक साधा नियम आहे: बग कुठे आहे हे कळल्याशिवाय कोड बदलायचा नाही. गाडीलाही तोच नियम लावा. बऱ्याचदा गळती पाइपच्या एखाद्या जोडावर असते, आणि ती स्वस्तात थांबते.

आधी हे बघा: तुमच्या गाडीत हे ऑइल आहे का?

आजकालच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं. त्यात मोटर असते, ऑइल नसतं. जुन्या स्कॉर्पिओ, बोलेरो, इनोव्हासारख्या गाड्यांत मात्र हायड्रॉलिक सिस्टीम सापडते. बॉनेट उघडा. झाकणावर स्टिअरिंगचं चिन्ह असलेली छोटी टाकी दिसली, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

हे चालतं कसं?

इंजिनचा बेल्ट एक पंप फिरवतो. पंप टाकीतलं ऑइल ओढतो आणि जाड प्रेशर पाइपमधून रॅकमध्ये ढकलतो. तुम्ही स्टिअरिंग वळवलं की हे ऑइल रॅकमधल्या पिस्टनला त्या बाजूला रेटतं, म्हणून हाताला जोर कमी लागतो. मग ते रिटर्न पाइपमधून टाकीत परत येतं.

स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर प्रेशर पाइपमधला दाब १,००० पीएसआयच्या वर जातो. टायरमध्ये आपण साधारण ३०-३५ पीएसआय हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या. रिटर्न पाइपमध्ये मात्र दाब अगदी कमी असतो. हा फरक लक्षात ठेवा, रिपेअरिंगचा खर्च त्यावरच ठरतो.

डाग नक्की कशाचा आहे?

एसीचं पाणी रंगहीन असतं आणि वाळून जातं. कूलंट पाण्यासारखा पातळ, हिरवा किंवा गुलाबी असतो. इंजिन ऑइल तपकिरी-काळं असतं. स्टिअरिंगचं ऑइल बऱ्याच गाड्यांत लाल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइलही लाल असतं, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. टाकीतली पातळी हा खरा पुरावा.

मोबाइल घेऊन तपास

१. गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड आणि बंद. टाकीवरच्या खुणांसकट पातळीचा फोटो काढा. रोज त्याच वेळी एक फोटो. आठवड्यात गळतीचा वेग कळतो.

२. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा ठेवा. सकाळी थेंब कुठे पडलेत ते बघा.

३. थंड इंजिनवर टाकी, पाइप आणि पंपाचा भाग फडक्याने स्वच्छ पुसून कोरडा करा. मग इंजिन सुरू करून मित्राला स्टिअरिंग पाच-सहा वेळा दोन्हीकडे पूर्ण वळवायला सांगा. टोकाला धरून ठेवू नका, पंपावर ताण येतो. या वेळी तुम्ही बॉनेटपासून लांब राहा.

४. इंजिन बंद करा. फ्लॅश लावून मोबाइल फटीत धरा आणि व्हिडिओ घ्या, मग तो थांबवत थांबवत बघा. तेल खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे उडतं. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा. गळती बहुधा तिथूनच असते.

५. रॅकच्या दोन्ही टोकांना घडीदार रबरी बूट असतात. ते दाबून बघा. आत तेल डचमळत असेल, तर रॅकचं सील गळतंय. बूट आतून कोरडे असतील आणि रॅकवर नुसतं वरून तेल असेल, तर ते दुसरीकडून ओघळलेलं असू शकतं.

माझ्या मामाच्या जुन्या सात सीटर गाडीचं असंच झालं. ती भाड्याने चालते, घर त्यावरच आहे. एका गॅरेजने रॅक बदलायला सांगितलं होतं. पुसून व्हिडिओ घेतला तर रिटर्न पाइपचा क्लॅम्प सैल, आणि तेल तिथून रॅकवर ओघळत होतं. मामा म्हणाला, "एवढ्याशा पट्टीसाठी मी गाडी विकायला निघालो होतो!"

कुठे गळतंय, त्यावर उपाय

रिटर्न पाइप किंवा क्लॅम्प: सगळ्यात स्वस्त काम. नवा क्लॅम्प आणि ऑइलसाठीचाच रबरी पाइप लावा. पाण्याचा पाइप तेलाने फुगतो आणि फाटतो.

प्रेशर पाइप: इथे क्लॅम्प, एमसील, टेप काहीही टिकत नाही. जोडावर गळत असेल तर आधी वॉशर किंवा ओ-रिंग बदलून बघा. पाइपच फाटला असेल तर नवा घ्या, किंवा जेसीबी-ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाइप बनवणाऱ्या दुकानात योग्य दाबाचा पाइप क्रिम्प करून मिळतो का ते विचारा.

पंप: शाफ्टचं सील गळत असेल आणि पंपाचा आवाज ठीक असेल, तर सील किटवर भागू शकतं.

रॅक: नवा घेण्याआधी रॅक रिपेअर करणाऱ्या कारागिराकडे दाखवा. आतला दांडा घासलेला किंवा गंजलेला नसेल तर सील बदलून काम होतं. दांडा खराब असेल तर नवीन सीलही पुन्हा फाटेल.

'लीक स्टॉप' बाटलीने कडक झालेलं रबर थोडं मऊ होऊन गळती काही दिवस कमी होऊ शकते. फाटलेला पाइप त्याने सांधत नाही.

या चुका महागात पडतात

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच टाका. ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका, ते या सिस्टीमची सील खराब करतं.

इंजिन चालू असताना गळती हाताने चाचपू नका. प्रेशरचं तेल कातडीत घुसू शकतं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. गरम सायलेन्सरच्या पाइपवर तेल ठिबकत असेल तर आगीचा धोका आहे, गाडी चालवू नका.

आणि "रोज थोडं ऑइल टाकून चालवू" हा उपाय नाही. टाकी रिकामी झाली की पंप कोरडा फिरतो, घासतो आणि त्याचा कचरा रॅकमध्ये जातो. मग दोन्ही जातात. शिवाय घाटातल्या वळणावर मदत अचानक गेली, तर चाकं वळतात, पण स्टिअरिंग प्रचंड जड होतं.

काम झाल्यावर मेकॅनिकला हवा काढायला सांगा. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे हळूहळू वळवायचं, पातळी भरायची, मग इंजिन सुरू करून पुन्हा तेच. टाकीतला फेस गेला की झालं.

पुढचा आठवडाभर रोजचा फोटो चालू ठेवा. पातळी हलली नाही, तरच गळती थांबली असं समजा. आणि गॅरेजमध्ये जाताना तो व्हिडिओ सोबत न्या. ओली जागा समोर दिसली की बोलणं "रॅक बदला" पासून सुरू होत नाही.