किनाऱ्यावरचे हिवाळी पाहुणे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळी सरली की कोल्हापुरातले पक्षीनिरीक्षक आणि छायाचित्रकार घाट उतरू लागतात. कुणी आंबा घाटातून रत्नागिरी गाठतं, तर कुणी राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटानं देवगड-मालवणकडे जातं. ही हौस वाढते आहे, याचा आनंदच आहे. पण तिच्यासोबत काही चुकीच्या समजुतीही किनाऱ्यावर पोचल्या आहेत आणि त्यांची झळ पक्ष्यांना लागते.

गैरसमज: हिवाळ्यात समुद्र खवळतो, म्हणून लाटांवरचे पक्षी टिपायला डिसेंबर उत्तम.

वस्तुस्थिती: हे चित्र युरोपच्या किनाऱ्यांचं. कोकणचा समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो आणि हिवाळ्यात बहुधा शांत. अपवाद चक्रीवादळांचा. अरबी समुद्रात ती मुख्यतः मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात. डिसेंबर 2017 च्या पहिल्या आठवड्यात ‘ओखी’मुळे कोकणाला लाटांचा तडाखा बसला होता. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल, तर फोटोसाठी खडकावर जाऊ नये.

गैरसमज: वादळात किनाऱ्यावर आलेला समुद्रपक्षी पुन्हा पाण्यात सोडावा.

वस्तुस्थिती: तो थकून किंवा जखमी होऊन आलेला असतो, पुन्हा लाटांत ढकलला तर मरू शकतो. त्याला हवेशीर खोक्यात, अंधाऱ्या शांत जागी ठेवावं. तोंडात पाणी किंवा मासा कोंबू नये. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवावं.

गैरसमज: पहाटे पोचलं की पक्षी दिसणारच.

वस्तुस्थिती: किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं घड्याळ भरती-ओहोटीचं असतं. ओहोटीत ओली वाळू उघडी पडते आणि तुतवार, चिखल्या तिच्यातले किडे, छोटे खेकडे टिपत पांगतात. भरतीत ते कोरड्या वाळूवर एकत्र येऊन विश्रांती घेतात. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास. फोटोसाठी चांगली वेळ पाणी चढू लागतं तेव्हाची. एका जागी खाली बसून राहिलं, तर चरणारे पक्षी पाण्याबरोबर आपणच जवळ सरकतात.

गैरसमज: थवा उडवला तरच फोटोत जान येते; पक्षी काय, पुन्हा बसतात.

वस्तुस्थिती: वाळूवर बसलेला थवा रिकामा बसलेला नसतो. हिमालयापलीकडून, मध्य आशियातून, सैबेरियातून आलेल्या या पक्ष्यांना मार्च-एप्रिलमध्ये परतायचं असतं आणि त्यासाठी अंगात चरबी साठवायची असते. हे इंधन किती मोलाचं, ते एका पाणटिवळ्यानं दाखवून दिलं. 2022 मध्ये जेमतेम पाच महिन्यांचा हा पक्षी अलास्काहून टास्मानियापर्यंत 11 दिवसांत सुमारे 13,560 किलोमीटर न थांबता उडाला. दर वेळी थवा उठवताना आपण असाच साठा खर्ची घालतो. ड्रोननं तर सगळा किनाराच हादरतो.

गैरसमज: होडीतून कुरवांना शेव-फरसाण टाकणं हे पुण्यकर्म.

वस्तुस्थिती: कुरवांचं अन्न मासे, खेकडे आणि बंदरावर टाकलेले माशांचे अवशेष. तळलेले खारट पदार्थ पोट भरतात, पोषण देत नाहीत. शिवाय पक्षी होड्यांमागे लागायला शिकतात, आणि एका जागी दाटीवाटी झाली की रोग पसरायला वाव मिळतो.

गैरसमज: हिवाळ्यातले सगळे पक्षी पाहुणे, म्हणजे घरट्यांचा प्रश्नच नाही.

वस्तुस्थिती: पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड इथलाच रहिवासी, आणि त्याची वीण हिवाळ्यातच चालते. किनाऱ्याजवळच्या उंच झाडांवर त्याची मोठाली घरटी असतात. माणसांची गर्दी वाढली तर तो घरटं सोडून देऊ शकतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं ‘शिकार’ या व्याख्येत मोडतं. घरट्याच्या फोटोसोबत त्याचं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये.

गैरसमज: हिवाळी पक्षी पाहायला समुद्रावरच जायला हवं.

वस्तुस्थिती: रंकाळा, कळंबा आणि पंचगंगेचा काठ आपल्या दारातच आहे. धोबी शेपटी हलवत काठाकाठानं फिरू लागला की हिवाळा आला म्हणून समजावं. डोळा आणि संयम इथं तयार झाला, तर किनाऱ्यावर चुका कमी होतात.

दर वर्षी 5 ते 12 नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्ली आणि डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनांदरम्यान, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. यंदा त्या आठवड्यात दुर्बीण घेऊन बाहेर पडा. तारीख, ठिकाण, भरतीची वेळ आणि पक्ष्यांची संख्या टिपून ठेवा. आणि एक नियम पाळा: पक्ष्यानं चरणं थांबवून मान वर केली की तिथंच थांबा, एक पाऊलही पुढं टाकू नका.