रीपॅकची वही

मागच्या चाकाच्या हबमधून धूर निघतोय. जळक्या ग्रीसचा वास सुटलाय. धुळीने माखलेली माणसं रस्त्याच्या कडेला बसून एकमेकांचं न ऐकता बोलताहेत. कोण कुठल्या वळणावर घसरला, कुणाचा चिमटा वाकला, कोण कड्याच्या अगदी टोकावरून सावरला. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या उताराच्या पायथ्याशी हे दृश्य वारंवार दिसे. डोंगरात चालवायची सायकल, जिला आज सगळं जग ‘माउंटन बाइक’ किंवा नुसतंच ‘एमटीबी’ म्हणतं, ती इथे घडली. ती घडण्यात वेल्डिंगच्या ज्योतीचा वाटा होता, तितकाच उतार संपल्यावर रंगणाऱ्या या गप्पांचाही होता.

आधी त्या धुराबद्दल. त्या सायकलींना हाताचा ब्रेक नसे. पायडल उलटं दाबलं की मागच्या हबच्या पोटातला ब्रेक लागे. सपाट गल्लीत वर्तमानपत्रं टाकत फिरणाऱ्या मुलाला तेवढा पुरेसा होता. हा रस्ता मात्र सुमारे सव्वातीन किलोमीटरमध्ये ४०० मीटर खाली उतरतो. वणवा विझवायला जाणाऱ्या गाड्यांसाठी डोंगरात खोदलेला, मुरूम आणि सुट्या दगडांचा, एकामागून एक आंधळ्या वळणांचा. एवढा वेळ ब्रेक दाबून धरला की हब इतका तापे, की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जाई. खाली पोचल्यावर हब उघडायचा, पुसायचा, नवं ग्रीस भरायचं आणि मगच पुन्हा वर जायचं. असं पुन्हा भरण्याला इंग्रजीत ‘रीपॅक’ म्हणतात. रस्त्याला तेच नाव पडलं.

सायकली होत्या भंगारातल्या. श्विन या अमेरिकन कंपनीने १९३३ साली मुलांच्या सायकलींसाठी जाड, फुगीर टायर बाजारात आणले. सव्वीस इंची चाक, दोन इंचांहून थोडी जास्त रुंदी. त्या सायकली दणकट होत्या आणि वजनाला २०-२२ किलो भरत. पुढे हलक्या, बारीक टायरच्या सायकली आल्या आणि या जुन्या सायकली परसात गंजत पडल्या. मॅरिनमधल्या तरुणांना त्या किरकोळ किमतीत मिळत. मडगार्ड, कॅरिअर, शोभेची टाकी असं सगळं काढून टाकायचं आणि उरलेला सांगाडा घेऊन डोंगरावर जायचं. अशा सायकलीला ते ‘क्लंकर’ म्हणत, म्हणजे खडखडणारं जुनं यंत्र. युद्धापूर्वीच्या श्विन एक्सेल्सिअर फ्रेमला सगळ्यांत जास्त मागणी होती. तिचा पुढचा चिमटा अधिक तिरका, दोन चाकांमधलं अंतर मोठं. त्यामुळे तीव्र उतारावर ती पुढे कलंडत नसे. या गोष्टी कुणी पुस्तकात वाचल्या नव्हत्या. दहा जण दहा प्रकारच्या सायकलींवरून पडले, त्यांनी एकमेकांना सांगितलं, आणि कुठली फ्रेम चांगली हे सगळ्यांना कळलं.

गप्पा आल्या की वाद आलेच. सगळ्यांत वेगात कोण उतरतं, हा तिथला कायमचा वाद होता. तो मिटवायला २१ ऑक्टोबर १९७६ रोजी रीपॅकवर पहिली शर्यत झाली. चार्ली केली हा एका रॉक बँडचं सामान वाहणारा, सायकलवेडा तरुण तिचा संयोजक. सगळ्यांना एकदम सोडलं तर त्या अरुंद रस्त्यावर हातपाय मोडले असते. म्हणून दोन-दोन मिनिटांच्या अंतराने एकेकाला सोडायचं ठरलं. दोन घड्याळं जुळवून घेतली, एक वर ठेवलं, एक खाली नेलं. ॲलन बाँड्स जिंकला, कारण त्या दिवशी न पडता खाली पोचलेला तो एकटाच होता.

केली एक वही ठेवी. तिच्यात प्रत्येक शर्यतीची तारीख, नावं आणि प्रत्येकाची वेळ लिहिलेली असे. १९७६ ते १९७९ या काळात, आणि नंतर १९८३-८४ मध्ये थोड्या, मिळून दोन डझन शर्यती झाल्या. सगळ्यांत कमी वेळ गॅरी फिशरची, ४ मिनिटं २२ सेकंद. जो ब्रीझ त्याच्या मागे केवळ दोन सेकंदांनी. वेंडी क्रॅग ही सुरुवातीच्या काळात या टोळीतली जवळजवळ एकटी बाई. स्त्रियांमधली सर्वोत्तम वेळ तिची, ५ मिनिटं २७ सेकंद. फिशरची वेळ गणिताने मांडली तर सरासरी वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जातो. कच्च्या रस्त्यावर, चाळीस वर्षं जुन्या सायकलवर!

क्रॅगच्या हातात कॅमेराही होता. तिने आणि इतरांनी काढलेली छायाचित्रं नसती तर त्या दिवसांचा चेहरा आज आपल्याला दिसलाच नसता. छायाचित्रकार ज्या वळणावर उभे राहात त्याचं नाव ‘कॅमेरा कॉर्नर’. एका वळणावर व्हेंडेटी नावाचा गडी तोंडावर आपटला, तर त्या वळणाचं नाव ‘व्हेंडेटीज फेस’. आपल्या घाटवाटांवरही एखाद्या टप्प्याला तिथे घडलेल्या प्रसंगावरून नाव पडतं आणि पुढच्या वाटसरूला आपोआप सावध करतं. तिथेही तसंच झालं. नकाशावर नसलेल्या त्या नावांमधून सांगोवांगी एक नकाशा तयार झाला.

या सांगण्यातून सायकल कशी बदलत गेली ते पाहू. उलट पायडलचा ब्रेक जळतो, ही पहिली तक्रार. त्यावर ड्रम ब्रेक आले, ते ओढायला मोटारसायकलचे लांब दांडे आले. दुसरी तक्रार अशी, की उतरायला चार मिनिटं आणि सायकल ढकलत वर न्यायला तासभर. त्यावर गिअर आले. फिशरने आपल्या क्लंकरला गिअर बसवले आणि ते बदलायला अंगठ्याचा खटका लावला, म्हणजे खडबडीत वाटेवर हात हँडलवरून काढावा लागत नाही. इथून पुढे ही सायकल डोंगर चढूही लागली. तिसरी तक्रार, जुन्या फ्रेम मोडतात. केलीच्या फ्रेम वरचेवर मोडत. त्याने फ्रेम बांधण्याचं काम येणाऱ्या जो ब्रीझला सांगितलं, की मला नवीच बनवून दे. ब्रीझने १९७७ मध्ये क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांची फ्रेम बांधली. तिरकेपणाची मापं त्या जुन्या एक्सेल्सिअरची, बाकी सगळे भाग नवे. वजन साधारण १७ किलो. ही पहिली ‘ब्रीझर’. पहिल्यापासून डोंगरासाठीच बांधलेल्या सायकलींत तिला मानाचं स्थान आहे. आज ती अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ब्रीझने तशा दहा बनवल्या. चौथी तक्रार सीटची होती. चढावर सीट उंच हवी, उतारावर खाली, आणि दर वेळी थांबून पान्याने ढिली कोण करणार? ब्रीझ आणि त्याच्या एका सहकाऱ्याने १९८४ मध्ये स्प्रिंगवर वरखाली होणारी ‘हाइट-राइट’ काढली. आजच्या सायकलींतली, बटण दाबताच खाली जाणारी सीट तिच्याच वंशातली.

यातला एकही बदल मोठ्या कारखान्याच्या नकाशावर जन्मला नाही. प्रत्येक बदलाच्या मागे ‘काल माझं काय झालं माहितीये?’ असं सांगणारं एक माणूस आहे.

याच कथेला एक दुसरी बाजू आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. १ डिसेंबर १९७४ रोजी मॅरिनमधल्याच मिल व्हॅली गावात सायक्लोक्रॉसची, म्हणजे चिखल-मातीतून सायकल पळवायची, शर्यत होती. तिथे दक्षिणेकडच्या कुपर्टिनो गावातून रस महॉन आणि त्याचे सोबती आले. त्यांच्या फुगीर टायरच्या जुन्या सायकलींना गिअर होते, अंगठ्याचे खटके होते, हाताचे ब्रेक होते. म्हणजे मॅरिनकरांच्या आधीच त्यांनी सगळं जमवलं होतं. मॅरिनच्या मंडळींनी ते डोळे भरून पाहिलं. पण कुपर्टिनोचे हे लोक नंतर पांगले. त्यांनी वही ठेवली नाही, शर्यत भरवली नाही, कुठे लिहिलं नाही. पुढे कित्येक वर्षं त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. यंत्र त्यांच्याकडेही होतं. गोष्ट सांगायची राहिली आणि इतिहासातली त्यांची जागा बराच काळ रिकामी राहिली.

गोष्ट दूरवर जाते, आणि परतही येते. कोलोरॅडो राज्यात क्रेस्टेड ब्यूट नावाचं खाणकामगारांचं जुनं गाव आहे. तिथले तरुण सप्टेंबर १९७६ मध्ये जुन्या सायकली घेऊन ३,८०० मीटरहून उंच असलेली पर्ल पास ही खिंड ओलांडून ॲस्पेनला गेले. मॅरिन आणि क्रेस्टेड ब्यूट यांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. खिंडीची गोष्ट मॅरिनला पोचली आणि १९७८ च्या सप्टेंबरात केली, ब्रीझ, फिशर, क्रॅग आणि आणखी एक असे पाच जण तिकडे गेले. दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून खिंड ओलांडली. सायकली शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, मापं घेतली गेली. एका दरीतला छंद त्या दिवसापासून दोन प्रांतांचा झाला.

१९७९ मध्ये फिशर आणि केलीने ‘माउंटनबाइक्स’ नावाने धंदा सुरू केला. फ्रेम टॉम रिची बांधे. ते नाव त्यांना कायद्याने स्वतःपुरतं राखता आलं नाही. ते सगळ्यांचंच झालं. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली ‘स्टम्पजम्पर’ दुकानात आली आणि डोंगरात न राहणाऱ्या माणसालाही अशी सायकल घेता येऊ लागली. केलीने डेनिस कॅरमॅग्नोबरोबर १९८० मध्ये ‘फॅट टायर फ्लायर’ हे नियतकालिक काढलं. फक्त डोंगरातल्या सायकलींना वाहिलेलं ते पहिलं नियतकालिक. सात वर्षं चाललं. पायथ्याशी बसून सांगितलं जाणारं सगळं आता छापून दूर जाऊ लागलं. पुढचं थोडक्यात सांगते: १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिंपिक. रीपॅकच्या पहिल्या शर्यतीपासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षं.

पण त्याच मॅरिनमध्ये वाटेवरून तंटाही झाला. वेगाने येणाऱ्या सायकली पाहून चालणारे दचकत, घोडे बुजत. तक्रारी वाढल्या. कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची, म्हणजे साधारण २४ किलोमीटरची वेगमर्यादा आली, आंधळ्या वळणांवर ५ मैलांची. बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. ज्या डोंगरात ही सायकल जन्मली तिथेच तिला मज्जाव झाला. यातून स्वार शिकले. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘इम्बा’ ही संघटना उभी राहिली आणि तिने वाटेवरचे नियम घालून दिले. चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी वाट द्या. सायकल ताब्यात ठेवा. जनावरांना घाबरवू नका. चिखलात उतरून वाट खराब करू नका. शूरपणाच्या गोष्टींइतकीच ही जबाबदारीची गोष्ट सांगितली गेली, म्हणून आज अनेक देशांत सायकलस्वार हातात कुदळ-फावडं घेऊन वाटा दुरुस्त करताना दिसतात.

आपल्याकडे या सायकलीची चाहूल ‘रेंजर’ने लागली. सरळ हँडल, जाड खाचांचे टायर. नव्वदच्या दशकात वाढलेल्या कितीतरी मराठी मुलामुलींनी वाढदिवसाला ती मागितली असेल. तिच्यावर डोंगर फारसे चढले गेले नाहीत, पण रीपॅकच्या उतारावरून निघालेलं ते रूप आपल्या गल्लीत पोचलं होतं. आता गिअरच्या, पुढे शॉकअप असलेल्या सायकली घेऊन रविवारी पहाटे पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि घाटांत जाणारे बरेच आहेत. नऊ वाजता टपरीवर चहा घेताना तेच सगळं ऐकू येतं. बाभळीच्या काट्याने दोन्ही ट्यूब गेल्या, घसाऱ्यावर पुढचं चाक निसटलं, चेन तुटली आणि पाच किलोमीटर ढकलत आणली. आवाज तेच, फक्त मुरमाच्या जागी सह्याद्रीचा काळा दगड.

मला वाटतं, या टपरीवरच्या गोष्टी वाया जाऊ नयेत. सह्याद्री म्हणजे मॅरिन नव्हे. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस पडतो. ओल्या वाटेवर खाचांचा टायर फिरला की चर पडतो, पुढच्या सरीचं पाणी त्याच चरातून धावतं आणि दोन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. वाट गावकऱ्याची, गुराख्याची, पाणी आणणाऱ्या बाईची आहे. आपण तिचे पाहुणे. कुठली सोंड पावसाळ्यात टाळावी, कुठल्या दांडावर पहाटे गुरं असतात, कुठल्या टायरला आपला काटा भेदत नाही, हे ज्ञान आज शेकडो जणांच्या डोक्यात सुटं पडलेलं आहे. परदेशी कंपनीच्या माहितीपत्रकात ते मिळणार नाही.

म्हणून वाचकहो, तुमच्यापैकी जे कुणी रविवारी डोंगरात सायकल घालत असतील, त्यांना एकच विनंती. घरी आलात की चेन पुसायच्या आधी दोन ओळी लिहा. तारीख, वाट, काय मोडलं, कुणाला वाट दिली, कुठे चुकलं. शंभर पानी साधी वही पुरेल. केलीची वहीही तशीच साधी होती.