१८ टक्के चार्जिंग असूनही फोन बंद? नवा घेण्याआधी बॅटरीकडे पाहा

जुळे सोलापूर : एप्रिलमधली दुपार. आसरा चौकात गाडीवरून कलिंगड घेऊन झाले, क्यूआर कोड समोर आहे, फोनवर १८ टक्के चार्जिंग दिसते आहे. स्कॅनसाठी कॅमेरा उघडताच स्क्रीन काळी होते. खिशात सुटे पैसे नाहीत आणि मागे गिऱ्हाईक खोळंबले आहे. घरी येऊन चार्जर लावला, की तोच फोन काही मिनिटांत ३०-४० टक्के दाखवतो. मग घरातले सांगतात, "चार वर्षं झाली की, आता नवा घेऊन टाक!"

तीन-चार वर्षे वापरलेल्या फोनचे हे नेहमीचे दुखणे आहे. स्क्रीन, कॅमेरा, प्रोसेसर बहुतेक वेळा ठणठणीत असतात. थकलेली असते ती बॅटरी. टायर झिजला म्हणून कोणी दुचाकी विकत नाही. मात्र बॅटरी बदलताना काही गोष्टी पाहिल्या नाहीत, तर पैसे वाया जातात आणि धोकाही वाढतो.

चार्जिंग शिल्लक असताना फोन बंद का पडतो?

आजच्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. चार्जिंग आणि वापर सुरू असताना बॅटरीतले लिथियमचे कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ये-जा करतात. प्रत्येक फेरीत त्यातले थोडे कायमचे अडकून पडतात आणि आतला विद्युत रोध वाढत जातो. त्यामुळे क्षमता घटते.

कॅमेरा उघडताना किंवा सिग्नल कमी असलेल्या जागी फोन एकदम जास्त वीज मागतो. थकलेल्या बॅटरीला ती देता येत नाही, व्होल्टेज झपकन खाली येते आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. काही फोन बंद न पडता संथ होतात. जुन्या आयफोनचा वेग आपणच कमी करत असल्याचे अॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. त्यानंतर कंपनीने माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. संथ झालेल्या त्या फोनना नवी बॅटरी घालताच पूर्वीचा वेग परत मिळत होता.

सोलापूरच्या उन्हाचा यात वाटा किती?

बराच. बॅटरीचा पहिला शत्रू उष्णता आणि दुसरा म्हणजे सतत पूर्ण भरलेली अवस्था. 'बॅटरी युनिव्हर्सिटी' या संकेतस्थळावरील तक्त्यानुसार, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर ठेवली तर तिची क्षमता सुमारे ८० टक्के उरते. ४० अंशांत ती ६५ टक्क्यांवर येते. भोवतालचे तापमान ३५ अंशांपेक्षा जास्त असेल तर बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असे अॅपलही सांगते. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात हे दुपारचे रोजचेच हवामान आहे. त्यात दुचाकीच्या हँडलवर लावलेला फोन आणि विजापूर रोडवर उन्हात उभ्या कारच्या डॅशबोर्डवर राहिलेला फोन याहून कितीतरी जास्त तापतात.

बॅटरीच गेली आहे, हे कसे ओळखायचे?

• आयफोन : सेटिंग्जमधील 'बॅटरी हेल्थ' पाहा. ८० टक्क्यांच्या खाली आकडा असेल तर बदलण्याची वेळ झाली.

• सॅमसंग : 'सॅमसंग मेंबर्स' अॅपमधील तपासणीत बॅटरीची स्थिती दिसते.

• इतर अँड्रॉइड : काही नव्या मॉडेलमध्ये ही माहिती सेटिंग्जमध्ये मिळते. नसेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्या.

एखादे अॅपच वीज खात असेल, तर दोष बॅटरीचा नाही. सेटिंग्जमधील बॅटरी वापराची यादी आधी पाहा. चार्जर व केबलही बदलून बघा. चार्जिंगच्या छिद्रात साचलेल्या धुळीमुळेही फोन नीट चार्ज होत नाही.

बॅटरी फुगली असेल तर?

मागचे झाकण उचलले गेले असेल, स्क्रीन कडेने वर आली असेल किंवा फोन टेबलावर डगमगत असेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजा. अशा वेळी 'पगार झाल्यावर बघू' म्हणून थांबू नका. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवू नका. गादी, पडदे, कागद यांच्यापासून दूर, फरशीवर ठेवा आणि लवकरात लवकर सर्व्हिस सेंटर गाठा. टोचून आतली हवा काढण्याचा प्रकार तर अजिबात करू नका; आतला वायू आणि द्रव ज्वलनशील असतात. धूर निघू लागला तर खोलीबाहेर पडा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.

नामांकित कंपन्यांनाही हा फटका बसला आहे. नोकियाने ऑगस्ट २००७ मध्ये बीएल-५सी या मॉडेलच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापू शकतात, असा इशारा दिला होता. मात्र तेव्हा झाकण काढून बॅटरीवरचा क्रमांक घरीच पाहता येत होता. आज ती आत गोंदाने चिकटवलेली असते. म्हणून घरी उघडण्याच्या भानगडीत पडू नका.

बॅटरी बदलावी की नवा फोन घ्यावा?

तीन प्रश्नांची उत्तरे शोधा. पहिला : फोनला सुरक्षा अपडेट अजून मिळतात का? अपडेट थांबलेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करणे जोखमीचे असते आणि कालांतराने अॅपही साथ सोडतात. व्हॉट्सअॅपने जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ५ च्या आधीच्या आवृत्त्यांचा आधार काढून घेतला. दुसरा : कंपनीची मूळ बॅटरी मिळते का? तिसरा : खर्च किती? बऱ्याच अँड्रॉइड फोनचे हे काम हजार-दोन हजारांच्या घरात होते, आयफोनला जास्त लागतात. अपडेट सुरू आहेत, मूळ बॅटरी मिळते आहे आणि खर्च नव्या फोनच्या तुलनेत थोडा आहे, तर बॅटरी बदलणेच फायद्याचे.

कुठे बदलायची, अस्सल कशी ओळखायची?

अधिकृत सर्व्हिस सेंटर हा पहिला पर्याय. ते कंपनीच्या संकेतस्थळावरूनच शोधा. गुगलवर दिसलेला कोणताही 'कस्टमर केअर' नंबर फिरवू नका. नवी पेठेत किंवा जुळे सोलापुरातील ओळखीच्या दुकानात काम करून घ्यायचे असेल, तर बॅटरी बसवण्याआधी हातात घेऊन पाहा.

• भारतात लिथियम बॅटरीला बीआयएस नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर 'आयएस १६०४६' आणि 'आर' ने सुरू होणारा क्रमांक शोधा. 'बीआयएस केअर' अॅपमध्ये तो टाकल्यावर निर्मात्याचे नाव जुळते का, ते बघा.

• उत्पादनाची तारीख पाहा. कपाटात पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते.

• मूळ बॅटरी ४००० एमएएचची आणि त्याच आकाराची ही ६००० ची, असा दावा असेल तर ती घेऊ नका.

• बॅटरीचा उल्लेख आणि वॉरंटीचा कालावधी असलेले पक्के बिल घ्या. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथेही बिल लागतेच.

आयफोन एक्सआर, एक्सएस आणि त्यानंतरच्या मॉडेलमध्ये बाहेरची बॅटरी टाकल्यास ती अस्सल असल्याची खात्री होत नसल्याचा संदेश दिसू शकतो. फोन कोणताही असो, एकदा उघडल्यावर पाण्यापासूनचे संरक्षण पूर्वीसारखे राहील असे गृहीत धरू नका.

फोन हातात देण्यापूर्वी काय करायचे?

बॅटरी बदलताना डेटा पुसला जात नाही, तरीही फोटो, संपर्क आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप घ्या. सिम व मेमरी कार्ड काढून ठेवा. यूपीआय पिन कोणालाही सांगू नका. या कामासाठी त्याची गरजच नसते. सॅमसंगमधील 'मेंटेनन्स मोड' सुरू केल्यास दुरुस्ती करणाऱ्याला तुमचे फोटो व संदेश दिसत नाहीत. बॅटरी शक्यतो समोर बसवून घ्या.

जुन्या बॅटरीचे काय?

ती घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबताना बॅटरी चेपली तर ठिणगी पडून आग लागू शकते. ऑगस्ट २०२२ मधील बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे जुनी बॅटरी सर्व्हिस सेंटरमध्येच जमा करा.

पुढे हे काम सोपे होईल का?

तशी चिन्हे आहेत. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या नव्या फोनच्या बॅटरीत ८०० चार्जिंग चक्रांनंतरही किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, असा नियम आहे. भारतात केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. मोबाइल दुरुस्तीला किती सोपा, हे सांगणारा निर्देशांक ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. असे गुण खोक्यावर छापले जाऊ लागले, तर फोन घेतानाच कळेल की बॅटरी बदलणे किती सोपे आहे.

नवी बॅटरी जपायची कशी?

रोजचे चार्जिंग शक्यतो २० ते ८० टक्क्यांमध्ये ठेवा. चार्जिंगला लावून गेम खेळू नका. उशीखाली फोन चार्ज करू नका. आणि भर उन्हातून घरी आलात, तर जसे आपण लगेच थंड पाणी न पिता थोडे टेकतो, तसे फोनलाही दहा मिनिटे सावलीत गार होऊ द्या. मगच चार्जर लावा.