चंद्रपूरकरांनी गोंडकालीन परकोट २०० दिवस साफ केला; पण जुनी भिंत वाचवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

चंद्रपूरला गेलात तर जटपुरा गेट चुकवता येत नाही. रिक्षा, दुचाक्या, हातगाड्या, शाळेला निघालेली पोरं, सगळी गर्दी त्या एका दरवाज्यातून आत-बाहेर करत असते. मागचा हॉर्न वाजवत असतो, त्यामुळे मान वर करून बघायला कुणालाच फुरसत नसते. पण एखाद्या दिवशी बाजूला गाडी लावून वर पाहिलंत, तर दगडात कोरलेला एक सिंह दिसेल. हत्तीला चीत करणारा सिंह. हे चंद्रपूरच्या गोंड राजांचं राजचिन्ह.

जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे या शहराचे चार मोठे दरवाजे. त्यांच्या जोडीला पाच छोट्या वाटा, ज्यांना इथे खिडक्या म्हणतात. हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी, बगड खिडकी आणि मसण खिडकी. हे सगळं ज्या तटबंदीत आहे तिला चंद्रपूरकर परकोट म्हणतात. जुन्या शहराला वेढा घालणारी ही भिंत सुमारे दहा-अकरा किलोमीटर लांब आहे.

आणि याच भिंतीवर २०१७ पर्यंत झाडाझुडपांचं रान माजलं होतं.

परकोट बांधला कुणी?

गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याने पंधराव्या शतकात हे शहर वसवलं असं मानलं जातं. त्याची एक दंतकथा गावात अजून सांगतात. राजा शिकारीला गेला असताना एक ससाच उलटा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. ही जागा साधी नाही असं राणीने सांगितलं आणि ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर तटबंदी आखली गेली.

कथा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट खरी. एवढी लांब भिंत एका राजाच्या काळात उभी राहिली नाही. पुढच्या कित्येक पिढ्या तिचं काम चाललं. अठराव्या शतकात शहर नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून ते जिंकलं. लढायांचे दिवस संपले, तसं भिंतीचं कामही संपलं. शहर तिच्या बाहेर वाढलं. भिंतीलगत घरं आली, कचरा आला, आणि दगडांच्या सांध्यात वड-पिंपळ रुजले.

मग २०१७ मध्ये काय घडलं?

चंद्रपुरात इको-प्रो नावाची संस्था आहे. बंडू धोतरे यांनी ती उभी केली. ताडोब्याचा जिल्हा असल्यामुळे संस्थेची ओळख वन्यजीव आणि पर्यावरणाच्या कामासाठी. या कार्यकर्त्यांनी १ मार्च २०१७ पासून परकोट साफ करायला घेतला.

मार्च महिना लक्षात घ्या. चंद्रपूरचा उन्हाळा महाराष्ट्रात कुप्रसिद्ध आहे, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणं तिथे नवलाचं नाही. अशा उन्हाळ्यात श्रमदानाने झुडपं तोडणं, माती उपसणं, कचरा उचलणं सुरू झालं. उन्हाळा गेला, पावसाळा आला, काम चालूच राहिलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सलग २०० दिवस चाललेल्या या मोहिमेचा आणि तिच्या आधीच्या-नंतरच्या फोटोंचा उल्लेख केला. देशभर ते फोटो फिरले.

आपल्यापैकी अनेकांनी असे फोटो लाइक केले असतील. डावीकडे जंगल, उजवीकडे स्वच्छ भिंत. पण या दोन फोटोंत अर्धीच गोष्ट दिसते. साफसफाईत भिंत मोकळी होते. ती टिकेल की नाही, हे पुढे काय करता आणि काय करत नाही यावर ठरतं.

झाड उपटलं तर बिघडतं काय?

सगळ्यात पहिली चूक इथेच होते. जुन्या भिंतीत उगवलेला पिंपळ बघितला की जोर लावून उपटावासा वाटतो. लहान रोप असेल तर ठीक. पण झाड जुनं असेल, तर त्याची मुळं दगडांच्या मागे खोलवर पसरलेली असतात. आधी त्याच मुळांनी दगड सैल केलेले असतात आणि आता तीच त्यांना धरून असतात. झाड ओढलं की सोबत भिंतीचा तुकडाही खाली येतो.

त्यामुळे असं झाड भिंतीलगत कापतात, उरलेल्या खोडावर औषध लावून मूळ मारतात आणि पोकळी भरून काढतात. हे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. गवत, झुडपं, प्लास्टिक, माती हे स्वयंसेवकाचं काम. बुंधा मनगटाएवढा जाड झाला असेल, तर तिथे कोयता खाली ठेवायचा.

आणि सिमेंट?

दुसरी चूक याहून मोठी, कारण ती दिसायला चांगली दिसते. दगड निखळला, फट पडली, की कुणीतरी चांगल्या मनाने सिमेंटचं पोतं आणून देतो.

जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना, वाळू, विटांची भुकटी असं मिश्रण घाणीत मळून तयार करायचे, कुठे कुठे त्यात गूळ किंवा बेलफळाचं पाणीही घालायचे. हा चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि त्याला बारीक छिद्रं असतात. पावसाळ्यात भिंत पाणी पिते आणि नंतर ते पाणी चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू बाहेर पडतं. झीज झालीच तर ती सांध्याची होते, दगड शाबूत राहतो. सांधा पुन्हा भरता येतो.

सिमेंट याच्या उलट वागतं. ते कडक असतं आणि पाण्याची वाट अडवतं. अडलेलं पाणी मग दगडातूनच बाहेर पडायला बघतं. पाण्यासोबत आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाजवळ साचून स्फटिक होतात, आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. काही वर्षांनी चित्र असं दिसतं: सिमेंटची रेघ जशीच्या तशी आणि तिच्या दोन्ही बाजूंचा दगड खंगलेला. ऑइल पेंट, ॲसिडने धुणं, मशीनने घासणं यांचंही तेच. भिंत दोन महिने चकाचक दिसते आणि पुढची पन्नास वर्षं भोगते.

कायदा काय सांगतो?

चंद्रपूरचा परकोट केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत मोडतो, म्हणजे तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा स्मारकाची नासधूस केली किंवा ते विद्रूप केलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हेतू चांगला असला तरी परवानगीशिवाय दुरुस्ती करता येत नाही.

याच कायद्यात २०१० साली झालेली दुरुस्ती मात्र सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोचते. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधकाम. एखादं मंदिर गावाबाहेर असेल तर हा नियम फारसा कुणाला टोचत नाही. पण इथे स्मारक म्हणजे शहराच्या मधून फिरणारी कित्येक किलोमीटरची भिंत. तिच्या दोन्ही बाजूंचे शंभर-शंभर मीटर मोजले, तर किती घरं त्यात येतात याचा अंदाज करा. घराच्या दुरुस्तीलाही परवानगी काढावी लागते.

भिंतीशेजारी राहणाऱ्या माणसाला परकोट म्हणजे अडचण वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही. त्याच्या अंगणात इतिहास आहे, पण त्याच्या वाट्याला कागदपत्रं आणि भिंतीआडचा कचरा येतो. म्हणूनच स्थानिकांनी स्थानिकांसोबत केलेल्या कामाला किंमत आहे. भिंतीभोवती फिरता येऊ लागलं, पोरं खेळायला आली, पाहुण्यांना दाखवायला काहीतरी मिळालं, तरच शेजाऱ्याला ती आपली वाटेल. इको-प्रोने साफसफाईनंतर परकोटावर हेरिटेज वॉक सुरू केले, त्याचा अर्थ हाच.

तुमच्या गावात अशी वास्तू असेल तर?

महाराष्ट्रात केंद्र संरक्षित स्मारकं २८० हून अधिक आहेत. राज्य सरकारची यादी वेगळी आणि तिच्यासाठी १९६० चा वेगळा कायदा. या दोन्हींत नसलेले वाडे, बारवा, वेशी, समाध्या तर गावोगाव आहेत. त्यामुळे सुरुवात अशी करा:

• वास्तू कुणाची ते आधी शोधा. केंद्र, राज्य, नगरपालिका, देवस्थान की खासगी मालक?

• साफसफाईसाठीसुद्धा लेखी परवानगी घ्या. कागद हातात असला की वाद होत नाहीत आणि खात्याचा माणूसही सोबत येतो.

• काम सुरू करण्याआधी सगळ्या बाजूंनी तारखेसह फोटो काढा. कोणता दगड कुठे होता याचा तोच पुरावा.

• निखळलेले, कोरीव दगड ढिगाऱ्यात टाकू नका आणि घरीही नेऊ नका. जागच्या जागी ठेवा, नोंद करा.

• नाणी किंवा मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ते बंधनकारक आहे.

• शिलालेखावर खडू, तेल, शेंदूर, रंग काहीही लावू नका. तिरप्या उजेडात फोटो काढला की अक्षरं आपोआप उठून दिसतात.

• सिमेंट, रंग आणि खिळे घरी ठेवा.

यातली शेवटची अडचण पावसाची. भिंत कितीही साफ केली तरी जूनमध्ये पहिला पाऊस पडतो आणि सप्टेंबरपर्यंत सांध्यांत पुन्हा हिरवे कोंब दिसतात. तेव्हा रोप बोटाएवढं असतं, दोन बोटांनी उपटता येतं. तीन वर्षं कुणी फिरकलं नाही, तर त्याचंच झाड होतं आणि मग २०० दिवस लागतात.

तेव्हा पुढच्या वेळी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेअर कराल, तेव्हा दोन पावसाळ्यांनी त्याच जागी परत जा आणि तिसरा फोटो काढा. सोबत एक पिशवी आणि हातमोजे असू द्या.