उन्हाळ्यात उजाड दिसणारा सडा : पर्यावरण आघात मूल्यांकन आणि वैद्यवर्ग

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा, ‘जनपदोद्ध्वंसनीय’ हा अध्याय आपणा सर्वांस परिचित आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले असता संपूर्ण जनपद व्याधिग्रस्त होते, हे त्यातील प्रतिपादन आपण विद्यार्थिदशेपासून शिकत आलो. मात्र याच अध्यायाच्या आरंभी भगवान पुनर्वसू आत्रेय अग्निवेशास जी व्यावहारिक आज्ञा करतात, तिकडे सहसा लक्ष जात नाही. भूमी विरस होण्यापूर्वी, औषधींचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव नष्ट होण्यापूर्वीच त्यांचा संग्रह करावा, असे ते सांगतात. हानी होण्याआधी तिचा विचार करावा, हेच त्याचे मर्म होय.

याच पूर्वविचारासाठी आजच्या कायद्याने पर्यावरण आघात मूल्यांकनाची व्यवस्था दिली आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ अन्वये १९९४ साली पहिली अधिसूचना निघाली. तिची जागा १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने घेतली. छाननी, व्याप्तीनिश्चिती, लोकांशी विचारविनिमय आणि तज्ज्ञ समितीकडून परीक्षण असे तिचे चार टप्पे आहेत. ‘ब-२’ वर्गातील प्रकल्पांना मात्र अहवाल व जनसुनावणी यांची आवश्यकता नसते.

सह्याद्रीतील जांभ्या दगडाच्या सड्यांचे उदाहरण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातील अशा अनेक सड्यांखाली बॉक्साइट आहे. खाणीच्या अहवालासाठी पावसाळा वगळून एका ऋतूतील आधारभूत नोंदी घेण्याची प्रथा रूढ आहे. हवेतील धूळ मोजण्यास कोरडा ऋतू सोयीचा खरा. पण त्याच ऋतूत सड्याची वनस्पतिसंपदा पाहू गेल्यास काय दिसणार? एप्रिल महिन्यात तेथे काळा कातळ आणि वाळलेले गवत असते. सड्यालगतच्या गवताळ उतारावरील कळलावी व काळी मुसळी त्या वेळी कंदरूपाने जमिनीत असतात. त्यांचे पान दिसते ते मृगाच्या सरी पडल्यावर. उन्हाळ्यात पाहणी करणारा सदर भूमीस ‘पडीक’ म्हणेल, आणि त्या एका शब्दावर पुढचा निर्णय उभा राहील.

हानी केवळ सड्यापुरती राहत नाही. सड्यात मुरलेले पाणी उतारावरील झऱ्यांना मिळते. सीताअशोक हा ओढ्याकाठच्या सदाहरित वनातील वृक्ष. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याची गणना संकटग्रस्त होऊ शकणाऱ्या प्रजातींत केली आहे. खऱ्या अशोकाच्या सालीऐवजी आसुपालवाची साल बाजारात येते, हे औषधनिर्मात्यांस सांगावयास नको. झरे आटले आणि ओढ्याकाठचे वन विरळ झाले, तर ही भेसळ वाढणारच. अशा सालीच्या अशोकारिष्टाकडून रुग्णेस गुण येईल, अशी अपेक्षा वैद्याने कोणत्या आधारावर करावी?

म्हणून वैद्यवर्गाने या प्रक्रियेत सहभागी व्हावयास हवे. जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रात प्रसिद्ध होते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो आणि लेखी हरकतही नोंदविता येते. ‘निसर्ग वाचवा’ एवढे म्हणून भागत नाही. वनस्पतीचे मराठी व शास्त्रीय नाव, स्थान, फुलण्याचा काळ, शुष्क नमुना अशी माहिती दिल्यास तिला उत्तर देणे भाग पडते. पावसाळी पाहणीची मागणीही अशाच नोंदींच्या बळावर करता येते. औषधनिर्मात्यांनी कच्चा माल कोणत्या परिसरातून व किती प्रमाणात येतो, याच्या खरेदीनोंदी नीट ठेवाव्यात. त्या परिसरावरील अवलंबित्वाचा तो सबळ पुरावा ठरतो. जैविक विविधता अधिनियम २००२ नुसार ग्रामपंचायतीत होणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीतही ही माहिती समाविष्ट करावी. मंजुरीविरुद्ध दाद मागावयाची झाल्यास २०१० च्या अधिनियमान्वये स्थापन झालेले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. मात्र तेथील अपिलाची मुदत तीस दिवसांची असून सबळ कारण असल्यास ती आणखी साठ दिवसांपर्यंतच वाढू शकते.

विकासास विरोध करणे हा या लेखाचा हेतू नाही. रस्ते, वीज आणि रोजगार यांची गरज डोंगरातील माणसासही आहेच. निदानापूर्वी चिकित्सा करू नये, एवढे तत्त्व आपण रुग्णाबाबत पाळतो. तेच भूमीबाबत पाळले जावे, इतकाच आग्रह आहे. येत्या पावसाळ्यात प्रत्येक वैद्याने आपल्या जवळच्या एका सड्यावर जावे व जे उगवले असेल ते लिहून ठेवावे. ती वही एखाद्या सुनावणीत कामी येईल.